रविवारी आम्ही कॅथेड्रलमध्ये असू

"कोट घालणार नाही मी," आई म्हणाली. "कोट घातला की मागून सगळ्या बायका सारख्याच दिसतात. त्याला कळायचं कसं, यातली आपली आई कुठली?"

इंग्लंडमधल्या लिंकन नावाच्या गावात, एका गेस्ट हाउसच्या खोलीत आम्ही दोघी बसलो होतो. बाहेर नोव्हेंबरची थंडी होती. बरोबर आणलेल्या सगळ्या साड्या आईनं पलंगावर पसरल्या होत्या आणि ती एकेक उचलून खिडकीपाशी उजेडात धरून बघत होती. शेवटी तिनं लाल काठाची हिरवी इरकल बाजूला काढली.

"ही त्याच्या ओळखीची आहे. तो जायला निघाला तेव्हा हीच नेसले होते."

"आई, त्या एवढ्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये साडीतली तू एकटीच असशील. कोटातसुद्धा ओळखेल तो."

"आणि नाही ओळखलं तर?"

तिनं हे अगदी गंभीरपणे विचारलं. तो म्हणजे अभिनंदन, माझा धाकटा भाऊ. घरात नंदू. आम्ही जयसिंगपूरचे मगदूम, जैन. वडील गेल्यावर आईनं शिवणकामाचे वर्ग चालवून आम्हा दोघांना वाढवलं. माझं लग्न होऊन मी सांगलीला गेले आणि नंदू पुढं शिकायला या गावात आला. पहिले काही महिने रोज फोन. मग दर रविवारी. मग एकदम बंद. मोबाइल लागेना, मेलला उत्तर नाही. कॉलेजला विचारलं तर कळलं, तो केव्हाच सोडून गेलाय. उन्हाळा असा गेला की त्याबद्दल न बोललेलंच बरं. आईनं गोड सोडलं, मग एक वेळचं जेवण सोडलं. रस्त्यात ॲम्ब्युलन्सचा आवाज आला तरी ती शिलाई थांबवायची. जयसिंगपूरच्या ॲम्ब्युलन्सचा आणि इंग्लंडातल्या नंदूचा काय संबंध, असं तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी आम्ही इथल्या पोलिसांत तो हरवल्याची तक्रार दिली, व्हिसा काढला आणि माझ्या मुलाला सासूबाईंकडं ठेवून मी आईला घेऊन आले.

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात कॅरन नावाच्या पोलीसबाई आम्हाला भेटायला आल्या. वयानं आईएवढ्याच असतील. समोर बसून त्यांनी सावकाश सांगितलं, "तुमचा मुलगा सापडलाय. मी स्वतः त्याच्याशी बोलले. तो सुखरूप आहे."

मी आईला सांगितलं. आईनं हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हटला. मग डोळे उघडून म्हणाली, "चल, जाऊ या. कुठं आहे?"

कॅरनबाईंना भाषा कळली नसली तरी प्रश्न कळला होता. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तो सज्ञान आहे. आपला पत्ता घरच्यांना देऊ नये, असं त्यानं सांगितलंय. त्याच्या परवानगीशिवाय मला तो देता येत नाही. मला खरंच वाईट वाटतंय."

हे मराठीत कसं सांगायचं? मी दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा सरळच सांगून टाकलं, "आई, त्याला आपल्याला भेटायचं नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. ती नुसती मान हलवत राहिली. जणू हे तिला माहीतच होतं.

"निरोप तर देतील?" तिनं विचारलं.

निरोप द्यायला कॅरनबाई तयार झाल्या. पण कुठं भेटायचं? गेस्ट हाउसवर बोलावलं तर त्याला कोंडीत धरल्यासारखं वाटेल. हॉटेलात आई पाणीसुद्धा घेणार नाही. तेव्हा आईनं खिडकीतून बोट दाखवलं. गावाच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, ते कॅथेड्रल उभं होतं. शेकडो वर्षांपूर्वीचं, दगडी, तीन उंच मनोरे असलेलं. त्या गावात कुठंही उभं राहा, मान वर केली की ते दिसायचंच.

"तिथं," आई म्हणाली. "इथं आला तेव्हा मला फोनवर दाखवलं होतं त्यानं. म्हणाला होता, आई, इथं कुणीही जाऊन बसतं. कशाला आलास, म्हणून कुणी विचारत नाही."

मी निरोप इंग्रजीत सांगितला आणि कॅरनबाईंनी लिहून घेतला. रविवारी दिवसभर आम्ही कॅथेड्रलमध्ये असू. तुला वाटलं तर ये. नाही आलास तर आम्ही मागं लागणार नाही, परत जाऊ. हे शेवटचं वाक्य कॅरनबाईंनीच सुचवलं होतं. ते मी आईला समजावून सांगितलं.

"आणि अजून एक सांग त्यांना," आई म्हणाली. "सांग, की आई म्हणते..."

आम्ही दोघी थांबलो. आई टेबलावरच्या मेणकापडाची कड नखानं खरवडत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली.

त्यानंतर रविवारपर्यंत आईला दुसरं काही सुचलं नाही. गेस्ट हाउसच्या मालकिणीकडून तिनं कॅथेड्रलचा नकाशा मागून घेतला आणि शिवणाचा कागदी नमुना पसरावा तसा तो पलंगावर पसरला. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण कापडावरच्या खुणा वाचायची सवय होती. बोट ठेवून ती मला विचारायची. "हे दार का? आणि हे? मोठं दार पश्चिमेला म्हणतेस, मग आपण तोंड कुणीकडं करून बसायचं?"

"लोक पूर्वेकडं तोंड करून बसतात. तिकडं वेदी आहे."

"म्हणजे दाराकडं पाठ."

"हो."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "बरंच आहे ते. पाठमोरी दिसले तर त्याला आत यायला सोपं जाईल." आणि लगेच घाबरून, "पण तो आला आणि मला दिसलाच नाही, तसाच निघून गेला तर? तू दाराशी थांब. मी मधे बसते. पण तूही अशी नको थांबूस की पहारा वाटेल."

"आई, खरं सांग. तुमचं काही भांडण झालं होतं का?"

"भांडण कशाला होईल?" तिनं नकाशाची घडी घातली. "आता गरम पाणी मिळतं का बघ. गुडघे शेकते. तो चढ चढायचाय."

"टॅक्सी वरपर्यंत जाते."

"टॅक्सीत बसल्यावर दिसणार काय मी त्याला? चालत जायचं. वाटेत कुठं उभा असला तर बघेल तरी. कुंभोजला बाहुबलीचा डोंगर चढतेच की मी."

बाहुबलीचा डोंगर चढून तिला बरीच वर्षं झाली होती. पण मी वाद घातला नाही. दोन दिवस ती त्या कॅथेड्रलबद्दल असं बोलत होती की जणू तिथं नंदू आपली वाट बघत बसलाय आणि उशीर काय तो आपल्याकडूनच होतोय. मला आतून भीती वाटत होती. तो आला नाही तर हिला घेऊन मी विमानात कशी बसणार?

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आईनं इरकल नेसली, आत माझा लोकरी बनियन घातला, आणि कोट माझ्या हातात दिला. गावातून कॅथेड्रलकडं जाणारा तो रस्ता म्हणजे नुसती उभी चढण. गोट्यांसारख्या गोल दगडांचा, दोन्ही बाजूंना जुनी दुकानं, कडेला धरायला लोखंडी कठडा. आई कठडा धरून चार पावलं चालायची, थांबायची, श्वास घ्यायची. थांबली की डोक्यावरचा पदर सारखा करून दुकानांच्या दारांतून, बोळांतून, वरच्या खिडक्यांतून नजर फिरवायची. एका म्हाताऱ्या माणसानं तिला हात पुढं केला. तिनं हसून नको म्हटलं. तिचे ओठ थंडीनं निळसर झाले होते.

"कोट घाल गं."

"वर गेल्यावर."

वर गेल्यावर एका दगडी कमानीतून आम्ही पटांगणात आलो आणि ती समोरची भिंत आभाळात चढलेली दिसली. कोरीव राजे, संत, कमानींवर कमानी. आईनं त्यातलं काही पाहिलं नाही. ती पटांगणातल्या माणसांचे चेहरे बघत होती.

दाराशी तिनं बूट काढले. तिथल्या स्वयंसेवक बाई धावत आल्या, काढायची गरज नाही म्हणाल्या. आईनं ऐकलं नाही. पायात मोजे, हातात बुटांची पिशवी, अशी ती त्या प्रचंड दालनात शिरली. मधोमध खुर्च्यांच्या रांगा होत्या. आदल्या दिवशी ठरवलं होतं त्याप्रमाणे मधल्या एका रांगेत, कडेच्या, खांबाजवळच्या खुर्चीवर ती बसली. शेजारची खुर्ची तिनं रिकामी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसली.

सकाळची प्रार्थना झाली. माणसं उठली की आई उठायची, बसली की बसायची. प्रार्थना संपून लोक गेले. मग प्रवासी आले, फोटो काढून गेले. मी दाराजवळच्या पोस्टकार्डांच्या मांडणीपाशी उभी राहून प्रत्येक काळ्या डोक्याकडं बघत होते. एकदा एक मुलगा आत येऊन आईच्या शेजारून पुढं गेला, सावळा, नंदूच्याच चणीचा. आई अर्धवट उठली. त्यानं टोपी काढली तर तो कुणी दुसराच होता. पुन्हा बसताना आईनं पुढच्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की मला वाटलं, ही आता पडते.

दुपारी मी दशमी आणि शेंगाची चटणी घेऊन तिच्याजवळ गेले. बाहेर ओट्यावर बसून दोन घास खाऊ म्हटलं.

"तू खा. मी उठले आणि नेमका तेव्हाच आला तर?"

"मग इथंच पाणी तरी पी."

"नको. पाणी प्यायलं की उठायला लागतं."

काचांमधून आत पडलेले रंग फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढले आणि फिके झाले. इथं सूर्य दुपारीच मावळायला लागतो. दिवस बुडाला की आई तोंडात काही घालत नाही, म्हणजे आता आज उपासच. स्वयंसेवक बाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की आम्ही एकाची वाट बघतोय. त्यांनी आईकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "थोड्या वेळानं गायनाची प्रार्थना आहे. ती पलीकडं, त्या दगडी पडद्याच्या आत होते. त्यांना इथं हवा तितका वेळ बसू दे."

मला ते सहन झालं नाही. मी बाहेर आले. थंड हवेत दोन मिनिटं रडून घ्यावं, एवढंच मनात होतं. पटांगण जवळजवळ रिकामं झालं होतं. मी कमानीपर्यंत चालत गेले आणि कमानीच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभा असलेला नंदू मला दिसला.

त्यानंही मला पाहिलं. त्याचा पाय मागं सरकला. मी धावले नाही. धावले असते तर तो पळाला असता, हे मला कसं कोण जाणे कळलं. मी चालत गेले आणि त्याच्या जॅकेटची बाही धरली.

"आक्का, सोड."

"सोडत नाही."

तो वाळला होता. दाढी वाढली होती. हाताला भाजल्याचे डाग होते. एका बेकरीत काम करतो म्हणाला.

"कधी आलास?"

"सकाळीच. चढावर बघितलं तिला. कठड्याला धरून उभी होती." त्यानं मान फिरवली. "कोट का नाही घातला तिनं?"

"तुला ओळखू यावी म्हणून."

मी त्याची बाही हलवली. "नंदू, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही तिनं. आम्ही काय केलं रे तुझं? मेलास असं समजून उन्हाळा काढला आम्ही. काय झालं, एवढं तरी सांग."

"तिनं सांगितलं नाही तुला?"

"काय?"

"मग तिलाच विचार. मला नको विचारूस."

"चल आत."

"नाही, आक्का. मला तिच्यापुढं उभं राहता येत नाही. खरंच येत नाही. सकाळपासून या कमानीतून पुढं पाऊल पडत नाहीये माझं." त्याचे दात वाजत होते. मग तो हळूच म्हणाला, "मागून बघतो. फक्त बघतो आणि जातो. तिला सांगायचं नाही. शपथ घे."

शपथ घ्यायला आमच्या घरात बंदी होती. मी म्हटलं, "सांगत नाही."

आम्ही आत गेलो. आईच्या मागच्या बाजूला जो जाडजूड खांब होता, त्याच्या आडोशाला मी त्याला उभं केलं आणि पुढं जाऊन आईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. तो आहे की गेला, तेही कळत नव्हतं. दूर दगडी पडद्याच्या पलीकडं दिवे लागले होते आणि गायला सुरुवात झाली होती.

"आला नाही ना?" आईनं विचारलं.

मी बुटांची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"नाही येणार तो. मला माहीत होतं."

"आई, तू त्याला काय म्हणाली होतीस?"

ती समोर बघतच बोलायला लागली, हळू आवाजात. पण त्या दगडी दालनात हळू बोललेलंही लांबवर जायचं.

"तुझ्या पोराचं जावळ होतं त्या दिवशी. आठवतं? पोराला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नाही, म्हणून तुझ्या चुलतभावाच्या मांडीवर बसवला. घर माणसांनी भरलेलं. तुझे सासरे सगळ्यांना सांगत होते, याचा खरा मामा इंग्लंडला शिकतोय. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. आणि तेवढ्यात त्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला. तो रडत होता. म्हणाला, आई, मी नापास झालो. मला इथं जमत नाही, मला घरी यायचंय."

तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली.

"मी म्हणाले, आता हे तोंड घेऊन इकडं येऊ नकोस. पास होऊन ये. नाहीतर तिकडंच मर."

मला त्या दिवसाची आई आठवली. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तिनं सगळ्यांना पेढे वाटले होते.

"असं म्हणाले मी त्याला, त्रिशला. मर म्हणाले. माझ्या पोटच्या पोराला. मग रोज वाटायचं, त्यानं ऐकलं असेल. तो लहानपणापासून माझं ऐकायचा गं, सांगेल ते ऐकायचा. त्या पोलीसबाई जिवंत आहे म्हणाल्या, तेव्हा मनात आलं, देवा, त्यानं माझं निम्मंच ऐकलं." तिनं नाक पुसलं. "आता त्यानं नाही भेटलं तरी चालेल. पण ते शब्द मला परत घ्यायचे होते. पोलीसबाईंच्या वहीत लिहायला ते कसे सांगू? आई म्हणते, मरू नकोस, असं?"

माझ्या मागं कसलासा आवाज झाला. रडण्याचा म्हणता येणार नाही असा. घशात काही अडकल्यावर निघतो तसा. आई ताठ झाली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावर जे काय होतं ते वाचून सावकाश मान वळवली.

तो खांबाच्या बाहेर येऊन उभा होता.

आई उठली नाही. तिनं हाक मारली नाही. सकाळपासून, उन्हाळ्यापासून जिच्यासाठी जीव टाकला होता ती घटका समोर उभी असताना तिनं दोन्ही हातांनी पदर पुढं ओढला आणि आपलं तोंड झाकून घेतलं.

"आई," नंदू जवळ आला.

"नको. माझ्याकडं बघू नकोस."

"आई, पदर काढ."

"कुठल्या तोंडानं बघू तुझ्याकडं? नको रे."

तो तिच्यापुढं फरशीवर गुडघ्यांवर बसला. तिच्या मुठी त्यानं आपल्या भाजलेल्या हातांत धरल्या, आणि त्या उघडायला लागला. ती उघडू देईना. एकेक बोट करून तो सोडवत होता आणि ती परत मिटून घेत होती. स्वयंसेवक बाई लांबून येताना दिसल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. मग मीही तोंड फिरवलं आणि ते गाणं ऐकत राहिले, एक अक्षर न कळता. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा पदर खांद्यावर होता आणि आईचं कपाळ त्याच्या डोक्यावर टेकलं होतं.

नंदू लगेच आमच्याबरोबर आला नाही. मला थोडे दिवस दे, म्हणाला, आणि आई हो म्हणाली. परतीच्या विमानात ती मला धरून इतकी रडली की मला वाटलं, ही सगळं हरवूनच निघालीये. पुन्हा दर रविवारी फोन सुरू झाला. कधी तो नुसताच धरून बसायचा, बोलायचा नाही. आईही बोलायची नाही. पण फोन ठेवायची नाही.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, तो जयसिंगपूरला आला. मी स्टेशनवर आईबरोबर होते. गाडीतून तो एकच पिशवी घेऊन उतरला. आमच्या गल्लीतल्या चौगुले काकू त्याच गाडीला कुणाला पोचवायला आल्या होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला मोठ्यानं विचारलं, "काय पद्मावती, शिकून आला वाटतं पोरगा?"

फलाटावर आजूबाजूला आमच्या ओळखीची बरीच माणसं होती. नंदूनं मान खाली घातली. आईनं त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"नाही हो," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "नुसता आलाय."